सहाशे मिलिग्रॅमची समता

समता म्हणजे सगळ्यांना सारखं वाटणं, असं आपल्याला शाळेतल्या मास्तरापासून कोर्टातल्या वकिलापर्यंत सगळेच शिकवत आलेत. सारखा पेपर, सारखे तीन तास, पास व्हायला सारखे पस्तीस मार्क. ज्याच्या खोलीत अकरा माणसं झोपतात त्यालाही तोच पेपर, आणि ज्याच्या बापाने तीन-तीन शिकवण्या लावल्यात त्यालाही तोच. मग निकाल लागला की हेच लोक खांदे उडवतात. म्हणतात, बघा बुवा, नियम तर सगळ्यांना एकच होता. या एका वाक्यावर किती पिढ्यांचं पाप धुऊन काढलं गेलंय, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

आज या समतेचा एक वेगळा पुरावा मांडायचाय. तो परीक्षेतला नाही, नोकरीतला नाही. रक्तातला आहे. एच. आय. व्ही.च्या एका गोळीचा आहे. गोळी एक, डोस एक, आणि ती गिळणारी शरीरं वेगवेगळी. हकीकत मुख्यतः आफ्रिकेतली आहे. पण मित्रांनो, वाचताना ती आपल्याला परकी वाटणार नाही.

औषधाचं नाव एफाव्हिरेन्झ. १९९८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत त्याला परवाना मिळाला. एच. आय. व्ही. हा विषाणू एकट्या औषधाला पुरून उरतो, म्हणून त्याच्यावर तीन औषधांचा एकदम मारा करतात. त्या तिघांतलं हे एक. दिवसातून एकदा, रात्री झोपताना, ६०० मिलिग्रॅम. झोपताना का? कारण घेतल्यावर डोकं गरगरतं, माणूस झिंगल्यासारखा होतो, चित्रविचित्र स्वप्नं पडतात. झोपलेला माणूस तक्रार करत नाही. बहुतेकांचा हा त्रास दोन-चार आठवड्यांत ओसरतो. बहुतेकांचा. आपला प्रश्न उरलेल्यांचा आहे.

पोटात गेलेलं औषध रक्तात येतं आणि शरीर लगेच ते मोडून बाहेर टाकायच्या मागे लागतं. हे काम मुख्यतः यकृताचं, म्हणजे खाटकाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो तिचं. कलेजीत औषधं मोडणारी वेगवेगळी एन्झाइमं असतात. एफाव्हिरेन्झ मोडायचं मुख्य काम ज्या एन्झाइमकडे आहे, त्याचं नाव सीवायपी-टूबीसिक्स. नाव लांबडं आहे, पण काम हमालाचं. रक्तातला माल उचलायचा आणि बाहेर काढायचा. हे एन्झाइम कसं घडवायचं त्याचा नकाशा आपल्या एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जीनमध्ये असतो. एक प्रत आईकडून आलेली, एक बापाकडून. या जीनमधल्या ५१६ क्रमांकाच्या जागी कुणाकडे जी हे अक्षर असतं, कुणाकडे टी. फरक एवढाच. पण टी असला की एन्झाइम कमी बनतं. आणि दोन्ही प्रती टीच्या निघाल्या तर माल उचलायला हमालच अपुरे. आजची गोळी पुरती संपत नाही तोवर उद्याची येते, तिच्या मागून परवाची. गटार तुंबलेल्या चाळीत पाणी चढतं, तशी रक्तातली पातळी चढत जाते आणि वरच ठाण मांडून बसते.

डॉक्टरांच्या हिशोबात एक लिटर रक्तद्रवात हे औषध १ ते ४ मिलिग्रॅम असावं. १ च्या खाली गेलं तर विषाणू डोकं वर काढतो, ४ च्या वर गेलं तर मेंदूला त्रास होण्याचा धोका वाढतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पेशंटांचे जीन आणि रक्तातलं औषध यांची सांगड घालून पाहिली. दोन्ही प्रती टीच्या असलेल्यांच्या रक्तात बाकीच्यांच्या मानाने दुप्पट-तिप्पट औषध सापडलं आणि सुरुवातीच्या दिवसांत मेंदूचा त्रासही त्यांनाच जास्त. अशी माणसं तिथल्या गोऱ्यांमध्ये शंभरात तीन होती, काळ्यांमध्ये शंभरात वीस.

म्हणजे २००४ सालीच गोष्ट उघड झाली होती. छापून आली होती. गुपित नव्हतं.

आता झिम्बाब्वेला चला. दहा लाखांहून जास्त लोक एच. आय. व्ही.सह जगणारा हा गरीब देश. तिथे हरारेमध्ये कॉलेन मासिमिरेम्ब्वा नावाचे शास्त्रज्ञ आहेत. बाहेरून आलेले साहेब नव्हेत, त्याच मातीतले. त्यांनी आपल्याच लोकांचे जीन तपासले. २००७ पर्यंत त्यांच्या हाती आलं ते असं, की झिम्बाब्वेतल्या सुमारे २० टक्के लोकांकडे मंद एन्झाइमच्या दोन्ही प्रती आहेत. पाचातला एक. या लोकांच्या रक्तात एफाव्हिरेन्झ साचणार. त्यांनी सरकारला सांगून पाहिलं. तेव्हा हे औषध तिथे सरसकट वापरात नव्हतं, त्यामुळे कुणी कान दिला नाही. पुढे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एफाव्हिरेन्झ असलेली तीन औषधांची जोडगोळी जगातल्या सगळ्या गरीब देशांसाठी पहिली पसंती म्हणून जाहीर केली. २०१५ मध्ये झिम्बाब्वेने ती उचलली. आणि मग बातम्या यायला लागल्या. भास होणारी माणसं. उदास झालेली माणसं. जीव द्यायचे विचार मनात येणारी माणसं. मासिमिरेम्ब्वांना त्याचं नवल वाटलं नाही. कसं वाटणार? आठ वर्षांपूर्वीच त्यांनी ते कागदावर मांडलं होतं.

याच २०१५ सालात, एप्रिल महिन्यात, अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ मंडळाने काय केलं? त्यांनी आपल्या देशातल्या पेशंटांसाठी एफाव्हिरेन्झला पहिल्या पसंतीतून खाली उतरवलं. कारण काय दिलं? मेंदूवरचे दुष्परिणाम आणि आत्महत्येच्या विचारांशी असलेला संभाव्य संबंध. त्याआधी २०१४ मध्ये चार चाचण्यांचा एकत्र हिशोब छापून आला होता. एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न यांचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त भरला होता. तर एकाच वर्षी एका ठिकाणी ती गोळी पहिल्या पंगतीतून उठवली आणि दुसऱ्या ठिकाणी तीच पहिल्या पंगतीला वाढली. पंगतीचा अनुभव आपल्याला आहे. वरच्यांचं जेवून झालं की मग आपली पानं. याचा अर्थ कुणी मुद्दाम विष दिलं असा मी काढत नाही. तसला कट शोधायची गरजच नाही. व्यवस्थेला कट करावा लागत नाही, ती नुसती चालू राहिली तरी पुरे.

आता त्या पाचव्या माणसाकडे बघा. डोकं गरगरतंय. रात्री स्वप्नांनी दचकून उठतोय. सकाळी कामावर जायचं तर पाय ठरत नाहीत. दवाखान्यात सांगितलं तर उत्तर मिळतं, होतं असं, सवय होईल. महिना गेला, दोन महिने गेले. शेवटी तो स्वतःच गोळी थांबवतो. कागदावर त्याच्या नावापुढे शब्द पडतो – डिफॉल्टर. हा मूळचा सावकारीतला शब्द. कर्ज बुडवणाऱ्याला लावायचा. क्षयाच्या दवाखान्यांतून तो आपल्याकडेही चांगलाच मुरलाय. औषध शरीराला सोसलं नाही, पण नापास झाला तो पेशंट. त्याचं अज्ञान, त्याची बेफिकिरी, त्याची दारू, त्याची संस्कृती – सगळ्यांची चौकशी होते. त्याच्या रक्तातल्या औषधाची चौकशी करायची कुणाला सुचत नाही.

आणि इथे निसर्ग आणखी एक डाव टाकतो. गोळी थांबवली की सोबतची दोन औषधं काही दिवसांत रक्तातून निघून जातात. एफाव्हिरेन्झ मुळातच चिवट, आणि या मंद एन्झाइमवाल्यांच्या रक्तात ते आठवडे-आठवडे रेंगाळतं. म्हणजे तिघांची फौज होती तिथे एकटा शिपाई उरतो. एकट्या शिपायाला चुकवायला विषाणू लवकर शिकतो. मग ते औषध त्या माणसाला कायमचं निकामी. याला म्हणतात रेझिस्टन्स. पुन्हा कागदावर दोष कुणाचा? त्याचाच. गोळ्या अर्ध्यावर सोडल्या ना त्याने!

म्हणून जाता जाता एक गोष्ट ठणकावून. हे वाचून कुणीही आपली गोळी मनाने बंद करायची नाही. त्रास होत असेल तर दवाखान्यात ठिय्या द्यायचा, औषध बदलून मागायचं, पण मधेच सोडायचं नाही. सोडण्यात आपलंच मरण आहे.

काहींचा त्रास पहिल्या महिन्यात नाही, महिन्या-वर्षांनी उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा २० बायकांची नोंद छापली. एफाव्हिरेन्झ चालू असताना त्यांचा तोल जायला लागला, चालता येईना, बुद्धी गोंधळली, वजन घटून हाडांचा सापळा झाला. बघणाऱ्याला वाटावं, एड्सच बळावलाय. रक्त तपासलं तर औषधाची पातळी ४ च्या मर्यादेच्या कितीतरी पट वर. आणि ज्यांचे जीन तपासले गेले त्यांत हीच मंद एन्झाइमची कथा. औषध बंद केल्यावर सुधारणा दिसली. जी गोळी जगवायला दिली तिच्यानेच बाई आडवी झाली, आणि आजार वाढला समजून तीच गोळी पुढे चालू राहिली, असं आणखी कुठे कुठे घडलं असेल? जिथे रक्त तपासणारं यंत्रच नाही तिथे नोंद कोण करणार? न मोजलेला माणूस आकड्यात येत नाही. आकड्यात नाही तो अस्तित्वातच नाही.

आता कुणी शहाणा विचारेल, ६०० मिलिग्रॅम हा आकडा शास्त्राने ठरवला ना? मग ऐका. सुरुवातीच्या चाचणीत २००, ४०० आणि ६०० असे तिन्ही डोस देऊन पाहिले होते. विषाणू दाबायच्या कामात तिन्ही जवळपास सारखेच चालले. त्यातला सगळ्यात मोठा निवडला गेला. औषध कमी पडून विषाणू उसळू नये, ही त्यामागची भीती खोटी नव्हती. पण मोठ्या डोसाची किंमत कुणाच्या मेंदूला मोजावी लागणार, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. एकदा आकडा लेबलावर छापला की तो वेदवाक्य होतो. कमी डोस पुरतो का हे मोठ्या चाचणीत तपासलं कुणी? ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या विद्यापीठातल्या एका संस्थेने. १३ देश, ६०० हून जास्त पेशंट, अर्ध्यांना ४०० मिलिग्रॅम, अर्ध्यांना ६००. निकाल २०१३ मध्ये आला आणि २०१४ मध्ये छापला गेला. ४०० मिलिग्रॅम तितकंच चालतं. औषधामुळे होणारा त्रास ४७ टक्क्यांवरून ३७ वर येतो. औषध सोडावं लागणाऱ्यांचं प्रमाण ६ वरून २ वर. १९९८ ते २०१३ – पंधरा वर्षं! पंधरा वर्षं जगभरच्या माणसांनी दररोज २०० मिलिग्रॅम जादा गिळलं. बहुतेकांनी ते पचवलं. पाचव्याच्या माथी ते बसलं.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आपण आणि ते यांत फरक काय? या जोडगोळीने लाखो जीव वाचवले. रात्री एक गोळी, थंडपेटी नको, रोज दवाखाना नको. खेड्यातल्या नर्सलाही देता यावं असं सोपं औषध. हे नाकारणारा मूर्ख. आणि ही गोळीसुद्धा कुणी दान दिलेली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा केला, तर ३९ औषध कंपन्या १९९८ मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टात गेल्या होत्या. रस्त्यावर उतरलेल्या पेशंटांनी आणि त्यांच्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनने जगभर अशी बोंब उठवली की २००१ च्या एप्रिलात कंपन्यांना खटला गुंडाळावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरच्या आत आणून दाखवला. पश्चिमेत तेव्हा तोच खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. आफ्रिकेतल्या दवाखान्यांत पुढे जी गोळी पोचली तिचा मोठा हिस्सा भारतातल्या कारखान्यांतून गेला. तेव्हा जळत्या घरात पाण्याचं तापमान कोण मोजत बसणार, हा युक्तिवाद मला समजतो. पण आग विझून पंधरा वर्षं झाल्यावरही कुणी मोजत नसेल तर त्याला घाई म्हणत नाहीत. त्याला सवय म्हणतात. आधी गोळी मिळू द्यायची नाही, आणि मिळाली की म्हणायचं, मिळते ना, मग गप गिळ!

आणि मोजायचं ठरवलं तर मोजता येतं. त्याच १९९८ च्या डिसेंबरात एच. आय. व्ही.चं आणखी एक औषध अमेरिकेत मंजूर झालं होतं – अबाकाव्हिर. काही पेशंटांना त्याची भयंकर ॲलर्जी यायची, जिवावर बेतायची. २००२ मध्ये त्यामागचा जीन सापडला. हा जीन युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात पाच ते आठ जणांत असतो, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत अगदीच विरळा. मग काय झालं? १९ देशांत जवळपास दोन हजार पेशंटांवर चाचणी झाली, २००८ मध्ये निकाल छापला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत फर्मान निघालं – जीन तपासल्याशिवाय अबाकाव्हिर सुरू करायचं नाही. सहा वर्षांत काम फत्ते! ॲलर्जी जीवघेणी होती, घाई रास्तच होती. पण एफाव्हिरेन्झच्या जीनची गोष्ट २००४ पासून माहीत होती, आणि जीन पाहून डोस कमी करावा असं सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली ती २०१९ मध्ये. तोवर त्या औषधाचीच सद्दी संपत आली होती. त्याच २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिर या नव्या औषधाला पहिली पसंती दिली. वरात निघून गेल्यावर घोडा आला.

एक जीन गोऱ्यांच्या रक्तात जास्त, त्याची तपासणी सहा वर्षांत नियम झाली. दुसरा जीन काळ्यांच्या रक्तात जास्त, त्याला पंधरा वर्षं लागली. योगायोग? असेल. २०१६ मध्ये एक हिशोब मांडला गेला होता. जगभरच्या मोठ्या जीन-अभ्यासांत ज्यांची रक्तं तपासली त्यांत ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते आणि आफ्रिकी वंशाचे ३ टक्के. जिथे शोधायला कुणी गेलंच नाही तिथे सापडणार काय, बोडकं?

आता सगळ्यात नाजूक जागा. इथे आपल्यातलेच काही दचकतील. म्हणतील, रक्तारक्तांत फरक आहे असं तुम्ही म्हणायला लागलात तर मग मनूचं आणि तुमचं जमलंच की! प्रश्न बरोबर आहे. रक्ताचा फरक सांगूनच आपल्याला गावाबाहेर ठेवलं. रिस्ले नावाच्या इंग्रज अंमलदाराने नाकं मोजून जातींची उतरंड शास्त्रीय ठरवायचा घाट घातला होता. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात तीच नाकांची मापं घेतली आणि त्याच आकड्यांनी तो सिद्धांत आडवा केला. ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत, हे त्यांनी मोजपट्टी हातात घेऊन दाखवलं. मोजपट्टीला घाबरून नव्हे. हा आपला वारसा आहे. शास्त्राकडे पाठ फिरवायचं आपल्याला कारण नाही. शास्त्र कुणाच्या हातात आहे एवढंच बघायचं.

म्हणून नीट पाहा, हा जीन काय सांगतो. टी हे अक्षर काळ्यांची खूण नाही. ते युरोपात आहे, चीनमध्ये आहे, भारतात आहे. ते फार मोठ्या प्रमाणात सापडलं ते पापुआ न्यू गिनीमध्ये. आफ्रिकेतही पाचातल्या चौघांकडे टीच्या दोन प्रती नाहीत, आणि गोऱ्यांतही शंभरात तिघांकडे आहेत. मग कातडी बघून डोस ठरवला तर चार काळे आणि ते तीन गोरे, सगळेच फसले. वंश हा वैद्यकातला आळस आहे. माणूस तपासायला पैसे लागतात, म्हणून त्याची जात बघून भागवायचं. अमेरिकेत २००५ मध्ये हृदयाचं एक औषध चक्क ‘काळ्यांसाठी’ म्हणून मंजूर झालं होतं. कातडी हाच रिपोर्ट! फरक माणसामाणसांत आहे. भिंत नाही, विखुरलेले दाणे आहेत. दाणे मोजायचे तर मूठ उघडावी लागते, पोत्यावरचा शिक्का वाचून चालत नाही.

आणि आपल्या देशात तर गंमत उलटी आहे. इथे जीनने जात बनवली नाही, जातीने जीन अडवून ठेवलेत. २०१३ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की भारतातले लोक हजारो वर्षं एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत ही सरमिसळ चालली होती. मग दारं बंद झाली. त्याचं फळ कुणाला मिळालं? आंध्रातल्या वैश्य समाजाचंच बघा. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं. त्यांच्यात एका एन्झाइमची कमतरता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. अशा माणसाला ऑपरेशनच्या वेळी स्नायू ढिले करणारं एक नेहमीचं इंजेक्शन दिलं की ते उतरतच नाही, श्वास अडकतो. ज्यांनी आपलं रक्त शुद्ध ठेवलं त्यांच्या शुद्धतेचा हिशोब ऑपरेशनच्या टेबलावर होतोय. आम्हाला यात आनंद नाही. त्या माणसाचंही इंजेक्शन तपासूनच दिलं पाहिजे. आमची मागणी त्याच्यासाठीही आहे.

आपल्या पेशंटांचं काय? सरकारने २००४ च्या १ एप्रिलपासून एच. आय. व्ही.ची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे बरीच वर्षं एफाव्हिरेन्झ, तेच ६०० मिलिग्रॅम, आपल्याकडेही वाटलं गेलं. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातले पेशंट तपासले आणि २००९ मध्ये छापलं, की क्षयाचं रिफाम्पिसिन सोबत चालू असो वा नसो, एफाव्हिरेन्झची पातळी ठरते ती या ५१६ च्या अक्षरावर. म्हणजे आपल्या घरचाच पुरावा होता. परदेशी बोट दाखवायचीही गरज नव्हती. तरी एआरटी सेंटरच्या रांगेत कुणाचं रक्त या कारणाने तपासलं गेलं असेल तर ते नशीबवान. बाकीच्यांना कौन्सेलर सांगत राहिले, गोळी वेळेवर घ्या.

नव्या औषधाने प्रश्न मिटला असं समजून झोपू नका. डोल्युटेग्राव्हिर चांगलं आहे, विषाणूला भारी पडतं, मेंदूला त्रास कमी. २०१७ मध्ये या नव्या जोडगोळीचा वर्षाचा भाव गरीब देशांसाठी ७५ डॉलरपर्यंत खाली आला. पण दक्षिण आफ्रिकेतल्या २०१९ च्या चाचणीत या गोळीवर असलेल्या काळ्या बायकांचं वजन जास्त वाढलेलं दिसलं. सगळे म्हणाले, नवं औषध वजन वाढवतं. मग त्याच चाचणीतल्या लोकांचे जीन तपासले, २०२१ मध्ये छापलं. काय निघालं? एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांत ज्यांचं एन्झाइम चपळ होतं त्यांचं वजन नव्या औषधावाल्यांइतकंच वाढलं होतं. ज्यांचं एन्झाइम मंद, त्यांचंच वाढलं नव्हतं. म्हणजे फरकाचा मोठा भाग जुन्या औषधाच्या विषारी पातळीने अडवून धरलेल्या वजनाचा होता. ते एक अक्षर न वाचल्यामुळे नव्या औषधाचा न्यायही चुकत होता.

आणि क्षयाची आयसोनियाझिड तर आजही आपल्या वस्त्यावस्त्यांत चालू आहे. ती गोळी काहींचं शरीर झटकन मोडतं, काहींचं सावकाश, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. सावकाशवाल्यांच्या नसांना आणि कलेजीला धोका जास्त, झटकनवाल्यांना औषध कमी पडायचा. सत्तर वर्षं झाली. डोस अजून वजनकाट्यावर ठरतो. वस्तीत क्षय कुणाला होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा आपण काय मागायचं? प्रत्येकाची जीन-कुंडली मांडा असं कुणी म्हणत नाही. तो श्रीमंतांचा नवा छंद आहे आणि त्यात जात-वंशाचे दुकानदार घुसायला टपलेलेच आहेत. आपलं मागणं साधं आहे. सरकार जे औषध लाखोंना वाटणार, त्याची चाचणी त्या लाखोंतल्यांवर आधी झाली पाहिजे – वस्तीतल्या, पाड्यावरच्या, चाळीस किलो वजनाच्या बाईवरसुद्धा. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याला रक्तातलं औषध मोजायची सोय पाहिजे. पेशंट म्हणाला त्रास होतोय, तर आधी त्याचं रक्त तपासायचं, मग त्याची वर्तणूक. डिफॉल्टर हा शब्द रजिस्टरातून खोडून काढायचा. आणि जीनची जी माहिती जमेल ती पेशंटच्या मालकीची. तिच्यावर जातीचा रकाना पडता कामा नये, ती विमा कंपनीच्या हाती जाता कामा नये.

सारखी गोळी देऊन समता येत नाही. गोळीनंतर दोघांच्या रक्तात औषध सारखं पोचलं पाहिजे, तेव्हा ती समता. त्यासाठी एकाला चारशे द्यावे लागतील, दुसऱ्याला सहाशे. हा पक्षपात नाही, हिशोब आहे. राखीव जागांच्या नावाने खडे फोडणाऱ्यांना हा हिशोब कधी कळला नाही. यकृताला मात्र तो पहिल्या दिवसापासून कळतो.